बंड्या मोरीतच का झोपतो?

पत्राचा गोषवारा (नावं बदलली आहेत) : वाचक ५८ वर्षांच्या, लालबागच्या. चाळीचा पुनर्विकास झाला आणि पाच महिन्यांपूर्वी त्यांना नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर ४०५ चौरस फुटांचं घर मिळालं. घरात मुलगा, सून, तीन वर्षांचा नातू आणि नऊ वर्षांचा लॅब्राडॉर, बंड्या. चाळीत बंड्या दिवसभर गॅलरीत असायचा, जिना उतरून स्वतःच खाली जाऊन यायचा. मधली चार वर्षं काळाचौकीला तळमजल्यावर भाड्याने काढली, तिथेही मजेत होता. नव्या घरात मात्र मोरीत जाऊन झोपतो. चार हजारांची गादी आणली, तिच्यावर बसत नाही. त्याची जुनी गोधडी सामान हलवताना कुठल्या खोक्यात गेली कोण जाणे. हॉलमधून भिंतीला लागून चालतो. तीनदा मुख्य दाराशीच शू केली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कुत्रा लिफ्टमध्ये नको' अशी कुरबुर चालू आहे. मुलाचं म्हणणं, बंड्याला मोकळ्या जागेची सवय, इथे त्याचा कोंडमारा होतोय. गणपतीला गावी जाऊ तेव्हा कणकवलीजवळ दिरांकडे सोडून येऊ, तिथे मोठं अंगण आहे. वाचकांचा जीव होत नाही, पण 'आपल्या मायेपायी मुक्या जनावराचे हाल नकोत' असंही त्यांना वाटतं. ता. क.मध्ये एक ओळ : परवा बंड्या नातवावर गुरगुरला.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि बंड्या प्रत्यक्ष काय करतो तेवढ्याच ओळींखाली रेघ मारली. तो रुसलाय, त्याचा कोंडमारा होतोय, हे घरातल्या माणसांचं म्हणणं. त्यातलं काही खरंही असेल, पण तूर्त बाजूला ठेवलं. उरल्या पाच गोष्टी. मोरीत झोपतो, गादीवर बसत नाही, भिंतीला लागून चालतो, दाराशी शू करतो, नातवावर गुरगुरला. या पाचांतल्या एकीचाही अंगणाशी संबंध मला लावता आला नाही.

आधी चिरंजीवांचा हिशेब तपासू. चाळीतली तुमची खोली केवढी होती? लालबाग-परळच्या खोल्या मी पाहिल्यात, १६०-१८० चौरस फूट म्हणजे डोक्यावरून पाणी. तेवढ्यात घरच्या माणसांच्या पायांत रमलेला कुत्रा ४०५ फुटांत घुसमटतो, हे गणित काही जमत नाही. कुत्र्याला पळायला बाहेरची जागा लागते, घर त्याला प्रामुख्याने झोपायला लागतं. धडधाकट मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो, म्हातारा त्याहून जास्त. म्हणजे घर किती मोठं यापेक्षा त्यात निवांत अंग टाकायला जागा आहे का, हा प्रश्न जास्त कामाचा.

आता एक करा. दुपारी घर शांत असताना खाली बसा आणि हॉलच्या लादीवरून तळहात फिरवा. मग मोरीत जाऊन तिथल्या लादीवरून फिरवा.

कळलं? हॉलमध्ये बिल्डरने घातल्यात त्या व्हिट्रिफाइड टाइल्स, अगदी आरसा. मोरीत मात्र खरबरीत अँटिस्किड, ओल्या पायाने माणूस पडू नये म्हणून. अख्ख्या घरात बंड्याचा पाय ठरेल अशी जागा तेवढी एकच आहे, आणि ती त्याने शोधून काढली. गुळगुळीत लादीवर कुत्र्याची नखं रुतत नाहीत, पंजाखालच्या गाद्या सरकतात, मागचे पाय फाकतात. प्रत्येक पावलाला सावरायचं म्हणून मांड्या कायम आवळलेल्या. भिंतीला लागून चालतो तेही त्याचसाठी, एका अंगाला टेकू हवा. तुमच्या चाळीत शहाबादी होती ना? बहुतेक काळाचौकीलाही असणार. तो चुनखडीचा दगड, हाताला खरबरीत आणि वैशाखातही गार. बंड्याला शहाबादीची सवय आहे. तुम्ही त्याला संगमरवरी महालात आणून ठेवलंत आणि तो बिचारा त्यातल्या त्यात शहाबादीसारखं काहीतरी धरून बसलाय.

पण मला शंका आहे की नुसतं घसरणं एवढंच नसावं. नऊ वर्षांचा लॅब्राडॉर म्हणजे आजोबा, आणि या जातीत मागच्या खुब्यांची आणि कोपरांची दुखणी फार. तेव्हा पहिलं काम गाद्या-चटयांचं नाही, डॉक्टरांचं. तुम्हाला तर लांब जायलाही नको, परळचं बैलघोडा हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. १८८६ पासून चालू असलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच. जाण्याआधी दोन दिवस मोबाइलवर त्याचे व्हिडिओ काढून ठेवा : झोपेतून उठताना, वळताना, जेवायला उभं राहताना. दवाखान्यात गेल्यावर भीतीने किंवा उत्साहाने कुत्री अशी टुणटुणीत चालतात, की डॉक्टरांना वाटावं, या बाईच मनाच्या खेळाने हैराण झाल्यात. लघवी आणि रक्तही तपासून घ्या. दाराशी शू होण्यामागे साखर, मूत्रपिंड किंवा साधा संसर्ग असू शकतो, आणि तसं असेल तर पुढचे माझे अर्धे सल्ले दुय्यम ठरतील.

आणि हो, सांधे दुखतायत म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही आपण शेंगदाण्यांसारखी खातो ती औषधं कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना विषासारखी लागतात. त्यांच्यासाठी वेगळी औषधं असतात, ती वजनावर मोजून देतात.

वजनावरून आठवलं. चाळीत प्रत्येक दारातून एक ग्लुकोज बिस्किट मिळायचं, तरी जिने चढून-उतरून ते जिरायचं. आता जिना गेला, लिफ्ट आली; बिस्किटं गेली का? बरगड्यांवरून हात फिरवून बघा. हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर बंड्याच्या सांध्यांवर रोज चार-पाच किलोंची बोचकी लादलेली आहेत. बिस्किटाऐवजी गाजराचा तुकडा, काकडी, उकडलेला भोपळा. नातू भरवतो त्यावर लक्ष ठेवा : चॉकलेट, द्राक्षं आणि त्यांचेच बेदाणे-मनुका कुत्र्याला चालत नाहीत, कांदा-लसूणही नाही. नैवेद्याच्या शिऱ्यातले बेदाणे आपल्याला किरकोळ वाटतात, पण ते किरकोळ नाहीत.

आता घर. सगळं घर मॅटने मढवायची गरज नाही. बंड्याच्या वाटा किती आहेत ते बघा. झोपायची जागा, पाण्याचं भांडं, मुख्य दार, आणि तुम्ही बसता ती खुर्ची. एवढ्या रेषेवर खाली रबर असलेली पट्टी टाका. जुने योगा मॅट उभे कापून टाकले तरी चालतात, व्यायामशाळेत टाकतात तसल्या रबराच्या शीट मीटरवर मिळतात. सतरंजी नुसती टाकू नका, ती लादीवर होडीसारखी सरकते आणि कुत्र्याची उरलीसुरली हिंमत जाते. टाकायचीच तर खाली जाळीदार रबर घाला. जेवणाच्या भांड्याखाली एक तुकडा हवाच, कारण खाताना मान खाली घालून चारही पायांवर भार तोलायचा असतो. नखं कापून घ्या. चालताना टिकटिक आवाज येत असेल तर नखं वाढलेली आहेत. पंजाच्या गाद्यांमधले केसही बारीक करायला सांगा, ते वाढले की पायात लोकरीचे मोजे घातल्यासारखं होतं. या सगळ्याला मिळून त्या गादीच्या निम्मेही पैसे लागणार नाहीत.

गादीचं काय चुकलं? माझ्या अंदाजाने ती जाड फोमची असणार, वर मखमल किंवा रेक्झिन. मुंबईच्या दमटाईत फोमवर झोपणं म्हणजे गरम पोळीवर दुसरी गरम पोळी. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पंखा लावला की आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. तो अंगातली उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो, आणि हवेतच पाणी भरलेलं असलं की धापा टाकूनही ती नीट जात नाही. त्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. म्हणून छताचा पंखा फुल करून 'घे बाबा वारा' म्हटल्याचा त्याला आपल्याइतका उपयोग नाही. त्याला पोटाखाली गार जमीन हवी. मोरी गार आहे, हे मोरीचं दुसरं आकर्षण.

उपाय साधा. लाकडी किंवा लोखंडी चौकटीची नवारीची बुटकी खाट, जमिनीपासून चार-सहा बोटं वर, खालून हवा खेळेल अशी. सांधे दुखत असतील तर वर पातळ, घट्ट कापसाची गादी, सुती खोळीची. शेजारी खरबरीत शहाबादीचा दोन बाय दोनचा एक तुकडा ठेवा. फरशीवाल्याकडे कटिंगमधला उरलेला मिळतो, कडा घासून घ्या. गरम झालं की बंड्या खाटेवरून उतरून त्यावर पडेल, हाडं टोचली की पुन्हा वर जाईल. निवड त्याची. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात ओला पंचा त्याच्या अंगावर पांघरू नका, खाली अंथरा. आणि कधी धाप थांबतच नाही, हिरड्या लालभडक, पाय लटपटतायत असं दिसलं, तर आधी नळाच्या पाण्याने भिजवा, पंख्याखाली घ्या आणि मग टॅक्सी शोधा. बर्फ लावत बसू नका.

ही खाट ठेवायची कुठे, ते मात्र तुम्ही ठरवू नका. आमच्या पार्ल्याच्या घरी राणी नावाची कुत्री होती. तिच्यासाठी मी तीन अंथरुणं आणली, हॉलच्या खिडकीत, टीव्हीजवळ, माझ्या पलंगाशी. ती जाऊन बसायची आईच्या शिवणयंत्राखाली, पायाचं पेडल आणि भिंत यांच्यामधल्या हातभर फटीत. दोन वर्षं तिला तिथून ओढून काढण्यात गेली. मग एक दिवस सुई पडली म्हणून मी त्या यंत्राखाली शिरले आणि तिथून घर पाहिलं. पाठीला भिंत, डोक्यावर छप्पर, स्वयंपाकघरातली आई दिसते, बाहेरचं दार दिसतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागत नाही. घरातली सगळ्यात चांगली जागा होती ती. अंथरूण तिथे सरकवलं, विषय संपला. तर तीन-चार दिवस बंड्या मोरीखेरीज कुठे कुठे टेकतो, कुठल्या वेळी, ते कॅलेंडरवर लिहा. तोवर त्याला मोरीतून हाकलू नका. फक्त तिथली ॲसिडची बाटली, कपड्यांची पावडर वर ठेवा आणि लादी कोरडी करत जा, ओल्यात पडून कोपरं सोलतात. सूनबाईंचं म्हणणं रास्त आहे, माणसांची मोरी माणसांना हवी. पण दुसरी जागा तयार झाल्यावरच ही सुटेल.

आता दाराशी होणारी शू. तुम्ही 'मुद्दाम' असा शब्द लिहिलाय. बंड्या आठ-साडेआठ वर्षं स्वतः जाऊन येत होता, त्याला कोणाला सांगावं लागत नव्हतं. आता त्याच्या आणि झाडाच्या बुंध्यामध्ये एक लाकडी दार, एक सेफ्टी दार, पॅसेज, लिफ्टची वाट बघणं आणि चौदा मजले. तो दाराशी गेला होता, ताई. शू करायला जिथून जातात तिथे जाऊन तो उभा राहिला आणि दार उघडलं नाही. त्याच्याकडून विचारून झालं होतं.

त्याला मोठ्याने विचारायला शिकवा. दाराच्या कडीला त्याच्या नाकाच्या उंचीवर छोटी घंटा बांधा; दर वेळी बाहेर नेताना त्याचं नाक किंवा पंजा तिला लावा, वाजली की शाबासकी आणि लगेच दार. म्हातारी कुत्री शिकत नाहीत हे खोटं आहे, ती फक्त घाई करत नाहीत. सोबत वेळा बांधून घ्या, दिवसाला चार. रात्रीची शेवटची फेरी दहानंतर, सकाळची चहाच्या आधी. रात्री-अपरात्री धरवत नसेल तर गॅलरीच्या कोपऱ्यात ट्रेमध्ये थोडी माती किंवा कृत्रिम हिरवळ ठेवा. आणि झालेली जागा फिनाइलने पुसून भागत नाही. वास आपल्या नाकातून जातो, त्याच्या नाही. एन्झाइमचा क्लीनर प्राण्यांच्या दुकानात मिळतो, तो वापरा, नाहीतर ती जागा कायमची खूण होऊन बसेल.

लिफ्टबद्दल ग्रुपवर भांडू नका. सेक्रेटरींना शांतपणे सांगा, की भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसेही लावता येत नाहीत. त्याच सूचनांत मालकांनी साखळी धरावी आणि घाण उचलावी असंही सांगितलंय, तेव्हा पिशवी हातात दिसू द्या. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा कागद हाताशी ठेवा. लहान मूल किंवा घाबरलेलं माणूस आत असेल तर 'तुम्ही जा, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो' म्हणा. हे तुम्हाला बंधनकारक नाही. पण लालबागमध्ये माणसं जोडून राहण्याची रीत तुम्हाला मी काय शिकवणार.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, उंदरांच्या मुतामुळे होणारा लेप्टो आपल्यासारखाच त्यालाही होतो. त्याची लस असते, घेतली आहे का विचारा. आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. गोचीड अंगावर एक दिसली तर घरात शंभर आहेत असं समजा, त्या भिंतीच्या फटींत अंडी घालतात. आणि गॅलरीला कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावली असेल, तर ती कबुतरांपुरतीच आहे. तीस किलोंचा लॅब्राडॉर तिला टेकला तर ती धरणार नाही.

आता ता. क. मनावरचा खरा दगड माणसं ता. क.मध्ये लिहितात. मला वाटतं, गावी सोडण्याचा विचार अंगणापासून नाही, त्या गुरगुरण्यापासून सुरू झालाय, आणि तुमच्या मुलाची भीती मी मुळीच हलकी मानत नाही. तीन वर्षांचं पोर आणि तीस किलोंचा कुत्रा, इथे 'आमचा बंड्या काही करणार नाही' हे वाक्य कामाचं नाही.

पण गुरगुरला तेव्हा नेमकं काय चाललं होतं? तुम्ही लिहिलंय, नातू त्याच्या पाठीवर बसायला गेला होता. पाठीमागे दुखरा खुबा असेल तर? सरकून दुसरीकडे जावं तर निसरडी लादी. मोरीत जावं तर तिथे कोणीतरी अंघोळीला. त्याच्याकडे सांगायचा एकच मार्ग उरला होता, तो त्याने वापरला. आमच्या घरी वडिलांनी एका कुत्र्याचं गुरगुरणं छडीने बंद केलं होतं. ते खरंच बंद झालं. पुढे त्याने एका पाहुण्याच्या हाताचा लचका काढला तेव्हा सगळे म्हणाले, 'बघा, काही न सांगता चावला.' सांगायची सोय आम्हीच काढून घेतली होती.

म्हणून गुरगुरण्यावर ओरडू नका. नातवाला उचला, विषय बदला. आणि आजपासून घरात एक कायदा : बंड्याची खाट म्हणजे देवघर, तिथे कोणी हात घालायचा नाही. झोपलेल्याला, खाणाऱ्याला हात लावायचा नाही. तीन वर्षांच्या मुलाला कायदा कळतो, पण आठवत नाही, म्हणून मधे लहान मुलांचं फाटक लावा. आणि दोघं एका खोलीत असताना तिसरं मोठं माणूस हवंच. फोनवरचं नाही, बघणारं. नातवाला बंड्याबरोबर काही करायचंच असेल तर त्याने पाण्याचं भांडं भरावं, त्यात दोघांची दोस्ती होते आणि कोणी कोणाच्या पाठीवर बसत नाही. औषध सुरू होऊन, जागा मिळून दीड-दोन महिने झाले आणि तरीही मुलाला पाहून बंड्याचं अंग ताठ होत असेल, नजर रोखून बघत असेल, तर वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याला घरी बोलवा. तेव्हा वेगळ्या घराचा विचार करावा लागला तरी त्यात तुमचा दोष नसेल.

आणि ते घर कणकवलीचं असावं का? मी कोकणातली आहे, अंगणाची मोहिनी मला ठाऊक आहे. दिरांना फोन करून एकच विचारा : बंड्या रात्री कुठे झोपेल? उत्तर 'पडवीत' किंवा 'अंगणात, राखणीला' असं आलं, तर लक्षात घ्या की त्या भागात बिबट्या रात्रीचा कुत्र्यांसाठीच वस्तीत येतो, फुरसं आणि घोणस दगडाआड असतात, आणि शहरात वाढलेल्या, पाय दुखणाऱ्या कुत्र्याला पळणंही जमायचं नाही. गावातल्या कुत्र्यांनी नवख्याला स्वीकारणं हा आणखी एक खेळ. उत्तर 'आमच्याबरोबर घरात' असं आलं, जमीन शेणाने सारवलेली असली आणि तालुक्याला डॉक्टर असले, तर तो वाईट पर्याय नाही, हे मी मान्य करते. तरीही यंदाच्या गणपतीत नको. तपासण्या व्हायच्यात, लादीवर अजून काही टाकलेलं नाही, खाट आलेली नाही. आत्ता त्याला सोडलंत तर तुम्हाला कधीच कळणार नाही की बंड्याला घर नको होतं की घराची लादी.

एक गोष्ट जपून बोलते. तुमच्या पत्रात गॅलरीबद्दल फार जिव्हाळ्याने लिहिलंय : कोणाच्या घरी काय शिजतंय, कोण कामावरून आलं, कोणाचं पोर रडतंय. बंड्याची ती दिवसभराची करमणूक गेली, हे खरंच आहे. ती तुमचीही गेली. संध्याकाळी तासभर लाकडी दार उघडं टाका, जाळीचं सेफ्टी दार लावून घ्या, आणि दाराशी खुर्ची टाकून बसा. बंड्या पायाशी. पॅसेजमधून जाणारे वास आणि पावलं त्याला पुरतील. तुमच्या चाळीतली माणसं त्याच टॉवरमध्ये असतील की, कोणीतरी थांबेलच.

गणपतीचं उरलं. यंदा सगळ्यांनी गावी जायचं ठरलंच असेल तर बंड्याला बारा तासांच्या गाडीत घालण्यापेक्षा चाळीतल्या ओळखीच्या, त्याला लहानपणापासून पाहिलेल्या कोणालातरी तुमच्या घरी झोपायला बोलवा. जागा त्याची, माणूस ओळखीचं. लालबागमध्ये त्या दहा दिवसांत काय आवाज असतो ते तुम्हाला सांगायला नको. आजवर त्याने निभावलं असेल, पण अंगात दुखणं असलं की आवाजाची धास्ती वाढते, म्हणून डॉक्टरांना त्यासाठीचं औषध आधीच विचारून ठेवा. मिरवणुकीच्या रात्री आतली खोली, खिडक्या बंद, टेबलावरून चादर सोडून खाली गुहा करून द्यायची, पंखा घरघरू द्यायचा. आजूबाजूच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं ड्रिलिंग चालतं तेव्हाही हीच गुहा चालेल.

आणि आज रात्रीच ती खोकी उघडा. गोधडी सापडली की नव्या खाटेवर टाका. धुऊ मात्र नका.